चंपाक्काचं मत

चंपाक्का सिनेमाची गोष्ट कधी सांगायची नाही. मत सांगायची.

आम्हा गल्लीतल्या बायकांची अडचण तीच होती. निपाणीत तंबूतला सिनेमा यायचा, पण आमच्या वाट्याला तो वर्षातून एखाद्या वेळी, तोही देवाधर्माचा असला आणि घरातल्या पुरुषाच्या मनात आलं तर. चंपाक्का मात्र आलेला एकही सिनेमा सोडायची नाही. मग दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी झाली की आम्ही तिच्या घरच्या पुढच्या सोप्यात जाऊन बसायचो. ती मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत असायची.

"आक्का, कसा हुता?"

"बरा हुता. घोडं चांगलं हुतं."

"अवो, पर झालं काय त्यात?"

"काय व्हायचंय? ती मेली शेवटाला. पर मरताना हातात बांगड्या नव्या कोऱ्या. रानात हिंडल्याली बाई ती. एक तरी बांगडी पिचली असती का न्हाय?"

ती म्हणजे कोण, रानात का गेली, तिला कुणी फसवलं, हे सगळं आम्हाला एकेक प्रश्न टाकून तिच्याकडून काढून घ्यावं लागे. गोष्टीत तिला रसच नव्हता. "गोष्ट काय, सगळ्यांची एकच," म्हणायची आणि तांदळातला खडा उचलून उंबऱ्याबाहेर टाकायची. एखादा सिनेमा अगदीच नावडला तर कानडीत "साकु" म्हणायची. म्हणजे पुरे. मग त्या सिनेमाबद्दल कुणी कितीही खोदून विचारलं तरी तिच्याकडून अक्षर निघायचं नाही.

मी नंदगडची. लग्न होऊन निपाणीत आले तेव्हा सिनेमाला अजून आवाज फुटायचा होता. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. आम्ही भाड्यानं राहायचो त्या घरासमोरच भरमाप्पांचं घर. भरमाप्पा जैन, तंबाखूचे व्यापारी. घरामागंच त्यांची वखार होती, त्यामुळं गल्लीत शिरलं की शिंक यायची; नव्या माणसाला तर येतच राहायची. चंपाक्का ही भरमाप्पांची थोरली बहीण. लहानपणी लग्न झालं, प्लेगाच्या, गाठीच्या साथीत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. मी पाहिलं तेव्हा चाळिशीला टेकली असावी. उंच, हाडापेरानं मोठी, बिनकाठाचं पांढरं लुगडं. तिच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. हसली तरी ते आवाजावरून कळायचं. बायका तिच्या माघारी तिला दगडाक्का म्हणायच्या.

एकदा मी विचारलं होतं, "आक्का, नवरा आठवतो का हो तुमास्नी?"

"न्हाय," ती म्हणाली. "त्यांच्या हिरीचं पाणी आठवतंय. मचूळ हुतं."

सांगताना तिला जड गेलं असं काही दिसलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

तिला सिनेमाची वाट दाखवली ती भरमाप्पांनीच. कुठलासा पुराणातला सिनेमा आला होता, म्हणून सगळं घर घेऊन गेले. त्यांच्या बायकोचं, पद्मावैनींचं, त्या उजेडानं डोकं धरलं. त्या मुळातच अधू प्रकृतीच्या. डोक्याला फडकं बांधून दोन दिवस पडून राहिल्या. चंपाक्कानं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला सांगितलं, "मी आज परत जातो." आमच्याकडं बाया स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखंच 'मी जातो, मी आलो' म्हणतात. भरमाप्पा हसले. पण ती खरंच गेली. पुढं जातच राहिली.

विधवा बाई तंबूत जाते, याची कुजबुज व्हायला वेळ लागला नाही. बस्तीतल्या, म्हणजे जैनांच्या देवळातल्या, उपाध्यांनी भरमाप्पांच्या कानावर घातलं. भरमाप्पांनी बहिणीला समोर बोलावलं. मी त्या वेळी पद्मावैनींना सांज्याची वाटी द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"लोकं बोलाय लागल्यात, आक्का."

"मी तिथं जाऊन काय करतो? अंधारात बसतो. घरात बी अंधारातच बसतो."

शेवटी एवढंच ठरलं की एकटीनं जायचं नाही, नेमूला बरोबर न्यायचं. नेमू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. पद्मावैनी अंथरुणावर असायच्या, त्यामुळं त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं ते चंपाक्कानंच. जैनांच्या रीतीप्रमाणं दिवस मावळायच्या आत घरातली जेवणं उरकायची आणि आत्या-भाचे बाजारापलीकडच्या तंबूकडं निघायचे. सिनेमा सुरू व्हायचा तो अंधार पडल्यावर. "आमचा धरम सिनेमाच्या सोयीचा हाय," असं चंपाक्का एकदा म्हणाली होती. तेव्हा ती हसली की नाही, ते मला सांगता येणार नाही.

एकदा मीही तिच्याबरोबर गेले. कनात लावून बायकांची बाजू वेगळी केलेली. बाहेर इंजिनाची धडधड. पडद्यावर देव प्रगटला आणि सगळ्या बायकांनी हात जोडले. एकीनं तर पुढं जाऊन नारळ फोडला, तो फुटल्यावर पाणी आमच्या पायापर्यंत आलं. मला भरून आलं होतं. येताना वाटेत मी विचारलं, "आक्का, देव कसा वाटला?"

"दंडावर देवी टोचल्याल्या खुणा हुत्या त्याच्या."

हे मी घरी येऊन सांगितलं तर आमचे हे जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले. त्यांना स्वतःला सिनेमापेक्षा नाटकाचा नाद. सिनेमा बोलायला लागला, गायला लागला, तेव्हा मात्र तेही पाघळले. पहिला बोलपट बघून आले ते आनंदानं समोरच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काय चंपाक्का, आता तर खरी गंमत आली!"

चंपाक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मास्तर, आधी ती माणसं नुसतीच तोंड हलवत हुती. तवा मला वाटायचं, कायतरी म्हत्त्वाचं बोलत असतील."

हे तसेच परत आले आणि पायातल्या वहाणा न काढता खुर्चीवर बसून राहिले.

तिच्या मतांना काही नियम नव्हता. बायकांचा जीव ज्यावर जडायचा ते तिला दिसायचंच नाही. एका सिनेमात मुलगा हरवलेली आई होती. ती शेवटी त्याला भेटते तेव्हा बायकांच्या बाजूला नुसता हुंदक्यांचा गदारोळ झाला होता, असं पाटलांची सून सांगत होती. चंपाक्काचं मत असं की त्या आईनं मुलाला मिठी मारायच्या आधी त्याच्या पायांकडं बघायला हवं होतं. "हरवल्यालं पोर अनवाणी आलतं. पायाकडं कुणाचं ध्यानच न्हाय. रडायलाच सगळी मोकळी." राजाचं काम करणाऱ्यांबद्दल ती म्हणायची, त्यांना बसता येत नाही. दुष्ट माणसाचं काम करणारे तिला बहुधा आवडायचे, कारण त्यांना काहीतरी पाहिजे असतं हे दिसतं. आणि घोडी. घोड्यांना तिनं कधी नाव ठेवलं नाही.

नेमू वाढला तो हे ऐकत. गोरा, उंच, आत्याच्याच बांध्याचा, पण तोंडावर कायम हसू. मिसरूड फुटायच्या वयात तो वखारीत पोत्यांच्या थप्पीवर चढून काठीची तलवार फिरवायचा आणि तंबाखू निवडायला आलेल्या बाया काम टाकून बघत बसायच्या. भरमाप्पा दिसले की काठी खाली. एकदा दुपारी त्यानं आमच्यादेखत परसात आत्याला एक काम करून दाखवलं. लढाईत जखमी झालेला शिपाई राजाला निरोप सांगतो आणि कोसळतो. आम्ही बायका तोंडाला पदर लावून बघत होतो. मला तर ते फार छान वाटलं. तो धूळ झटकत उठला.

"आत्ती, मला जमंल?"

"न्हाय," चंपाक्का म्हणाली.

"का गं?"

"तू मरताना बी हसल्यासारखाच दिसतोस."

तो खरंच हसत होता. "आत्ता बी?"

"आत्ता बी."

काही दिवसांनी तो कोल्हापूरला गेला. तिथं सिनेमा काढणाऱ्या कंपन्या होत्या आणि आमच्या भागातली पोरं अधूनमधून पळून तिथं जायची. बहुतेक परत यायची. नेमू आला नाही. भरमाप्पा त्याला आणायला गेले आणि एकटेच परत आले. सोप्यात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं त्यांनी सांगितलं, "आजपासनं ह्या घरात त्याचं नाव निघायचं न्हाय." मग बहिणीकडं वळले. "तुझ्या सिनेमानं नेला त्याला."

"व्हय," चंपाक्का म्हणाली.

"आता तंबूत पाऊल टाकायचं न्हाय."

ती गेली नाही. तंबू आले, उठले. मग बाजाराच्या अंगाला पत्र्याचं पक्कं थेटर झालं. वाजंत्री लावून जाहिरातीचा टांगा गल्लीच्या तोंडावरून जायचा तेव्हा ती आपली तांदूळ निवडत असायची. दुपारी आम्ही बसायचो, पण बोलायला काही नसायचं. लोणची, दुखणी, कुणाचं बाळंतपण.

नेमू त्यानंतर एकदाच आला, तो आमच्या घरी. भरमाप्पा व्यापाराच्या कामाला चिकोडीला गेलेले असताना. मी चंपाक्काला हाक मारून आणलं. तो माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला होता, वाळला होता, पण हसत होता. आईला भेटायचं म्हणाला. पण पद्मावैनींच्या पोटात नवऱ्यापुढं काही राहत नसे, म्हणून चंपाक्का नको म्हणाली. तिनं त्याच्या पानात भात वाढला.

"काम मिळालंय, आत्ती. शिपायाचं. किल्ल्याच्या दरवाज्यात उभा हाय मी. भाला दिलाय."

"बोलायचं हाय काय त्यात?"

"न्हाय. मरायचं हाय."

"मग नीट मर," ती म्हणाली. तो हसला. मीही हसले. तिनं त्याला आणखी भात वाढला.

तो पावसाळा सरला आणि एक दिवस दुपारी, आम्ही सोप्यात बसलो असताना, एक अनोळखी पोरगा मोटारीतून उतरून घर विचारत आला. कोल्हापुरात नेमूच्या खोलीवर राहायचा. दारातच उभा राहिला. नेमूला मुदतीचा ताप आला होता. बरा होईल असं वाटत होतं. झाला नाही.

चंपाक्काच्या मांडीवर सूप होतं. "कवा?" तिनं विचारलं.

"परवा सकाळी."

"अग्नी कुणी दिला?"

"आमीच. कंपनीतल्या पोरांनी. घरचा पत्ता त्यानं कुणाला सांगितलाच न्हवता, आक्का. निपाणीचा हाय येवढंच ठावं हुतं. हितं येऊन इचारत इचारत आलो."

ती त्याच्याकडं बघत राहिली. "जेवलास का?"

तो नाही म्हणाला. तिनं सूप बाजूला ठेवलं, त्याला पाय धुवायला पाणी दिलं, पान वाढलं आणि मला म्हणाली, "काय कमीजास्त बघ." मग ती मागच्या दारानं वखारीकडं गेली. थोड्या वेळानं तिकडून भरमाप्पांचा आवाज आला. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. गल्लीतली माणसं धावली. चंपाक्का परत आली, आत जाऊन पद्मावैनींच्या उशाशी बसली आणि त्यांनाही तिनंच सांगितलं.

ती रडली नाही. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही. बायका बोलल्या, दगड तो दगडच. मला स्वतःला त्या दिवशी काय वाटलं ते आता आठवत नाही. त्या पोराच्या पानातल्या भाताची वाफ आठवते. तो भुकेला होता आणि जेवायला लाजत होता.

भरमाप्पा कोल्हापूरला जाऊन नदीकाठची ती जागा बघून आले. त्यानंतर त्यांनी कुणाशी फारसं बोलणं ठेवलं नाही. समोरच्या घरात दिवसभर माणसं असायची आणि आवाज नसायचा. संध्याकाळी जेवणं व्हायची, भांडी घासल्याचं ऐकू यायचं, एवढंच.

वर्ष उलटलं असेल नसेल, थेटरात तो किल्ल्याचा सिनेमा आला. नाव आम्हाला कोल्हापूरहून आलेल्या त्या पोरानंच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं टांगा ओरडत गेला तेव्हा सगळ्या गल्लीला कळलं. त्या संध्याकाळी मी दारात दिवा लावत होते. भरमाप्पा सोप्यात बसले होते. चंपाक्का पदर सारखा करत बाहेर आली.

"मी जातो," तिनं भावाला सांगितलं.

भरमाप्पांनी मान वर केली नाही. ती उंबरा ओलांडून एकटीच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जमलो, पण विचारायचं धाडस कुणाला होईना. पद्मावैनी बस्तीत गेल्या होत्या. चंपाक्का तांदूळ निवडत होती. बऱ्याच वेळानं तीच बोलायला लागली, पूर्वी बोलायची तशीच.

"दरवाज्याच्या डाव्या अंगाला हाय त्यो. उजव्या अंगाला एक मिशीवाला हाय, त्यो उगं छाती काढून उभारतो. नेमू बरा उभारलाय. फेटा ढिला हाय. त्याला फेटा कधी जमलाच न्हाय." तिनं एक खडा काढला. "मग शत्रू येत्यात. मिशीवाला आत पळतोय, सांगाय. नेमू पडतो. पर पडताना त्यानं हात आदी टेकला. मरणारं माणूस हात टेकत न्हाय. आपटतंय."

तिनं तांदूळ एकदा पाखडले.

"आनि हसतोय," ती म्हणाली. "मी सांगितलंतं त्याला." मग सूप खाली ठेवून आमच्याकडं एकेकीकडं बघत म्हणाली, "मरतो ते पद्माला सांगू नका. भरमाप्पाला बी कळू देऊ नका."

त्या संध्याकाळी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. गल्लीत परत कुजबुज सुरू झाली. शेवटी एका सकाळी भरमाप्पांनी तिला अडवलं. दारं उघडीच होती. आम्हाला समोर स्पष्ट ऐकू आलं.

"आता बास कर, आक्का. रोज रोज काय बघतीस? दुनिया हसाय लागलीया."

"रोज दिसतोय त्यो तिथं," चंपाक्का म्हणाली. आवाज नेहमीचाच, तांदळाचा भाव सांगावा तसा. "तवा घरचं कुणी न्हवतं त्याच्याजवळ. आता तरी असावं का नको?"

भरमाप्पा खाली बसले. सोप्यातल्या खांबाला पाठ टेकून बसले आणि कितीतरी वेळ तसेच. त्या दिवशी ते वखारीत गेले नाहीत. दुपार कलल्यावर पद्मावैनी माझ्याकडं आल्या. बस्ती सोडली तर त्या कधी उंबरा ओलांडायच्या नाहीत. म्हणाल्या, "इंदू, आज आमी समदी जाणार हाय. तू बी चल गं. मला सोबत हुईल."

आम्ही गेलो. भरमाप्पा पुरुषांच्या बाजूला, पार मागच्या बाकाच्या टोकाला. धोतर, कोट, रुमाल बांधलेला, लग्नाला निघाल्यासारखे. बायकांच्या बाजूला चंपाक्का मध्ये, तिच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला वैनी. मला सारखी धास्ती वाटत होती. तो पडेल तेव्हा ही बाई काय करील? मी चंपाक्काच्या कानाशी लागून विचारलं, "वैनींना आदी सांगायचं का?" ती पडद्याकडंच बघत होती.

किल्ला आला. दरवाजा आला. दोन्ही बाजूंना दोन शिपाई. डावीकडचा नेमू होता. मी त्याला लगेच ओळखलं. ढिल्या फेट्याखाली तो तसाच, कुणीतरी आता हाक मारील अशा तोंडानं उभा होता. तेवढ्यात पद्मावैनींनी चंपाक्काचा दंड धरला.

"त्यो बघा! त्यो माझा नेमू! केवढी मिशी आलीया त्याला!"

त्या उजवीकडच्या शिपायाकडं बोट दाखवत होत्या.

त्यांचे डोळे अधू होते, उजेड त्यांना सोसत नव्हता, आणि मुलाला त्यांनी पाहिलं होतं ते दोन वर्षांमागं. मी चंपाक्काकडं बघितलं. ती क्षणभर वैनींकडं बघत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "त्योच."

मग लढाई झाली. मिशीवाला आत पळाला आणि वैनी बोटानं त्याच्या मागं मागं गेल्या, पदरानं डोळे पुसत, पुन्हा बघत. डावीकडचा शिपाई भाला लागून पडला. आधी हात टेकला आणि मग पडला. तो पडताना आमच्या त्या बाकावर दोघींनीच पाहिला. चंपाक्काचा चेहरा नेहमीसारखाच होता, पडद्याचा उजेड त्यावर येत होता, जात होता. तिचं लुगडं माझ्या हाताला लागलं होतं. ती हलली नाही.

बाहेर आलो तेव्हा भरमाप्पा दिव्याच्या खांबाखाली उभे होते. त्यांचं तोंड मी इतक्या महिन्यांत असं बघितलं नव्हतं. ते बहिणीकडं आले.

"बघितलास, आक्का? आत पळाला की गं त्यो. वाचला."

"व्हय," चंपाक्का म्हणाली.

"मिशी शोभत हुती. आनि फेटा! फेटा कसा झकास बांधला हुता."

"झकास हुता."

घरापर्यंत भरमाप्पा बोलत होते. नेमू लहानपणी कसा पळायचा, वखारीतून कसा निसटायचा. त्याचं नाव त्यांनी घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं, आणि वैनी रडत रडत हुंकार देत होत्या. आम्ही दोघी मागून चालत होतो. चंपाक्कानं खोटं मत दिलेलं मी ऐकलं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच असताना मी म्हणाले, "आक्का, त्यांनी दोघांनी बी दुसऱ्यालाच बघितलं."

"ठावं हाय मला."

"मग तुमी एकटीनंच..."

"तू बघितलास न्हवं?" ती म्हणाली.

मी व्हय म्हटलं.

"मग झालं."

सिनेमा उठला. दुसरा आला. चंपाक्का गेली, आणि भरमाप्पांनी तिला परत कधी अडवलं नाही. दुपारी ती मत सांगायची. नायिकेला पाणी शेंदता येत नाही, म्हातारा खोकतो तो छातीतून नाही, घोडं बरं होतं. ऐकणारीला वाटलं असतं, मधल्या काळात काही घडलंच नाही. मला कधी वाटायचं, ही बाई आत कुठंतरी रडत असेल. मग वाटायचं, नसेलही. मी पुढं हा विचार करायचं सोडून दिलं.

मग जगातली मोठी लढाई सुरू झाली, रॉकेल आणि साखर मिळेना झाली. आमच्या ह्यांची बेळगावला बदली झाली. निघताना मी सगळ्यांच्या पाया पडले. पद्मावैनींनी ओटी भरली. चंपाक्का दारात उभी होती. "तिथं थेटरं लई हाईत म्हणं," ती म्हणाली. मी जाणार म्हणून तिला वाईट वाटलं की नाही, कोण जाणे. पाया पडले तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्त वेळ ठेवला.

पुढं भरमाप्पा गेल्याचं कळलं, मग वैनी. घर आणि वखार पुतण्यांकडं गेली. चंपाक्का मागच्या खोलीत राहते, असं कुणीतरी सांगितलं.

मला ती शेवटची दिसली ती स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी. मी कोल्हापूरला लग्नाला निघाले होते. निपाणीत बाजारापाशी तंबाखूच्या गाड्यांची रांग लागली होती आणि आमची मोटार अडकून पडली. खिडकीतून बघते तर समोरच्या भिंतीवर एक माणूस शिडीवर चढून नव्या सिनेमाचा मोठा कागद चिकटवत होता. खाली चंपाक्का उभी. पार वाकलेली, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मेथीची पानं बाहेर आलेली. ती वर बघून त्या माणसाला काहीतरी सांगत होती. मी "आक्का, आक्का" म्हणून हाका मारल्या, पण इंजिनाच्या आवाजात त्या तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत. त्या माणसानं कपाळाला हात लावला, कागदाचा एक कोपरा सोडवून जरा वर घेतला आणि तळव्यानं दाबून बसवला. ती दोन पावलं मागं सरकली, डोळ्यांवर हात धरून बघितलं. मान हलवली, नाही म्हणून.

गाड्या सुटल्या. आमची मोटार हलली तेव्हा तो माणूस पुन्हा कोपरा सोडवत होता.